जुन्या चिरेबंदी घराच्या भिंतींना ओल: सिमेंटचा गिलावा काढावा का?

रानजाई
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या सासरच्या घराबद्दल सल्ला हवा आहे. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, चुन्यातलं बांधकाम, भिंती दीड-पावणेदोन फूट जाड, वर मंगलोरी कौलं. सासू-सासरे तिथेच राहतात, आम्ही ठाण्याला. काही वर्षांपूर्वी सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, शेणाची जमीन काढून टाईल्स बसवल्या आणि अंगणात घराला लागून कोबा घातला. त्यानंतर माजघर आणि देवघराच्या भिंती खालून कमरेपर्यंत ओल्या राहायला लागल्या. रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा भुगा पडतो, आणि श्रावणात कपाटामागे काळी बुरशी येते. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

इथल्या ठेकेदाराचं म्हणणं असं: गिलावा खरवडायचा, भिंतीत भोकं पाडून केमिकल सोडायचं, वर वॉटरप्रूफ कोट, पुट्टी आणि ऑइलपेंट. खर्च बराच आहे. पैसे घालायला हरकत नाही, पण ओल खरंच जाईल का? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

पेठेतला
आमचा वाडा पुण्यात, पांढऱ्या मातीच्या भिंतींचा. तुमच्यापेक्षा प्रकरण वेगळं होतं, तरी सांगतो. ओल बारा महिने एकसारखी होती. मे महिन्यातसुद्धा भिंत हाताला गार लागायची. पुण्याला पाऊस तो केवढा, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्यावर दोष ढकलण्यात अर्थ नव्हता. शेवटी रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी आकडा पुढे सरकलेला! नव्या न्हाणीघराकडे जाणारा पाइप भिंतीत फुटला होता. पाइप बदलला, भिंत आपोआप सुकत गेली.
तेव्हा पहिला प्रश्न: तुमच्याकडे उन्हाळ्यात भिंत कोरडी होते का?

चिरेखाण
रानजाई, ठेकेदाराला थोडं थांबायला सांगा. मी स्थापत्य अभियंता आहे, रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे सिमेंटचा गिलावा, टाईल्स आणि कोबा, एकत्र आल्या की ओल हमखास वर चढते. का ते सविस्तर लिहितो, कारण हे कळलं नाही तर पुढचा सगळा पैसा वाया जातो.

जुन्या घरांच्या जोत्यात डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा थर नसतो. जांभा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतलं पाणी त्यातल्या बारीक छिद्रांतून आपोआप वर चढतं. ते पूर्वीही चढायचं. पण शेणाची जमीन श्वास घेत होती, अंगण मातीचं होतं, भिंतीवर चुना होता. जेवढं पाणी चढायचं तेवढं वाटेतच हवेत उडून जायचं, म्हणून भिंत दिसायला कोरडी. आता जमिनीतलं पाणी टाईल्सखालून वर येऊ शकत नाही, कोब्यातून उडू शकत नाही. त्याला एकच वाट उरली, ती म्हणजे भिंत. भिंतीवर दोन्ही बाजूंनी सिमेंट. मग ते उडण्याजोगी जागा मिळेपर्यंत आणखी वर चढतं. साधारणपणे अशी ओल तीन ते पाच फुटांपर्यंत दिसते. वॉटरप्रूफ कोट मारला की ती त्याच्याही वर जाते. कोट चार फुटांवर संपला की पाचव्या फुटावर नवे पोपडे, हे चित्र मी खूप घरांत पाहिलं आहे.

पांढरा भुगा म्हणजे लोणा. पाण्याबरोबर जमिनीतले आणि सिमेंटमधले क्षार येतात, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढतात आणि त्या दाबाने गिलावा फुटतो. काही क्षार हवेतलं बाष्पही ओढून घेतात. म्हणून पावसाळी हवेत, जमिनीचं पाणी थांबलेलं असलं तरी, लोणा लागलेली भिंत घामेजलेली दिसते. ओल मोजायचं यंत्रही अशा भिंतीवर जास्त आकडा दाखवतं. कुणी यंत्र लावून घाबरवलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

आता मला हे सांगा:
घराबाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किती खाली आहे?
पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, पन्हळ आहे का?
कोब्याचा उतार कुठल्या बाजूला आहे?
ओल सगळ्या भिंतींना आहे की पश्चिमेकडच्या जास्त?

रानजाई
इतकं मनापासून लिहिल्याबद्दल खूप आभार. सासऱ्यांना फोनवर विचारून घेतलं.
मे महिन्यात भिंत बरीच सुकते, पण खालचा हातभर भाग कायम गडद राहतो. पाण्याचा पाइप त्या बाजूला नाही. मागच्या बाजूला कोबा आणि आतली जमीन जवळजवळ एका पातळीत आहे, कारण कोब्यावर नंतर आणखी एक थर पडला. पन्हळ फक्त पुढे आहे. मागे पागोळ्या थेट कोब्यावर पडतात आणि भिंत गुडघ्यापर्यंत भिजते. कोब्याचा उतार थोडा घराकडेच आहे असं त्यांना वाटतं. माजघराची भिंत मागच्याच बाजूची.

चिरेखाण
मग अर्धं उत्तर तुमच्या सासऱ्यांनीच दिलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात, घराकडे उतार असलेला कोबा आणि पन्हळीशिवाय पागोळ्या! भिंतीला हात लावायच्या आधी बाहेरची कामं करायची, आणि क्रम चुकवायचा नाही.

आधी छप्पर: फुटलेली, सरकलेली कौलं बदलणं. मग मागे पन्हळ, तिचं पाणी पाइपाने घरापासून लांब. मग भिंतीलगतचा दोन-अडीच फुटांचा कोबा फोडून काढायचा. तिथली माती अशी उतरवायची की आतल्या जमिनीपेक्षा किमान सहा इंच खाली राहील आणि उतार बाहेर जाईल. त्या पट्ट्यात मोठी खडी भरली की पाण्याचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत आणि माती श्वास घेते. पाणी फारच साचत असेल तर भिंतीपासून थोडं लांब चर खणून त्यात दगड भरायचे. पण चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, लगत खोल खणलं तर भिंत खचेल. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

एवढं झाल्यावर भिंतीवरचं सिमेंट काढायचं आणि भिंत तशीच उघडी सोडायची. घाईने गिलावा नको. सुकण्याचा ढोबळ हिशोब असा की चांगल्या हवेत एक इंच जाडीला एक महिना. तुमच्या भिंतीला दीड-दोन वर्षं लागू शकतात, त्यात आपल्याकडे चार महिने पावसाचे. केमिकलच्या इंजेक्शनबद्दल: एकसंध विटेच्या नऊ इंची भिंतीत ते काम करतं. दोन्ही बाजूंना चिरे आणि मधे दगडांचे तुकडे-माती अशी भरणी असलेल्या भिंतीत केमिकल कुठे जातं आणि कुठे पोचत नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

कामगिरी
मी वीस वर्षं ठेकेदारी करतो. वरचं वाचून थोडं वाईट वाटलं. प्रत्येक ठेकेदार लोकांना फसवत नाही. गिऱ्हाईक म्हणतं गणपतीच्या आत भिंत गुळगुळीत हवी. चुन्याचं काम करणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चुना नीट विरवायला वेळ लागतो, मजुरी जास्त, थरामध्ये थांबावं लागतं. सिमेंटचा गिलावा दोन दिवसांत होतो. आणि नवीन बांधकामात, जिथे डीपीसी आहे, तिथे सिमेंट उत्तम चालतं. त्याला सरसकट वाईट ठरवू नका.

चिरेखाण
कामगिरी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कुणावर आरोप करायचा हेतू नव्हता. डीपीसी असलेल्या, सिमेंटमध्येच बांधलेल्या घराला सिमेंटचा गिलावा योग्यच. अडचण जोडीची आहे. जांभा आणि चुना मऊ, पाणी घेणारे आणि सोडणारे. त्यांच्यावर कडक, बंदिस्त थर दिला की भिंत हलते तेव्हा थराला बारीक भेगा जातात. त्या भेगांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. म्हणजे पाणी अडवायला दिलेला थर पाणी साठवायला लागतो. आणि गणपतीच्या घाईबद्दल अगदी बरोबर बोललात. ओल्या घराचं काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि मार्चपर्यंत उरकावं. भर पावसात केलेला कुठलाही गिलावा मला मान्य नाही.

कुळागर
फोंड्याहून लिहितोय. आमच्याकडची जुनी घरंही जांभ्याचीच. पाऊस संपला की दरवर्षी भिंतींना चुना लावायचा, हा आमच्या घरातला नेम अजून चालू आहे. त्यामागे नुसती हौस नाही. चुन्याचा थर जांभ्याचं पावसापासून रक्षण करतो, झिजतो तो थर, दगड नाही. म्हणून दरवर्षी नवा.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण जुन्या गोव्यातलं. बॉम जीझस बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झाली, जांभ्याची. १९५०च्या दशकात तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला गेला, आतला लाल दगड दिसावा म्हणून. तेव्हापासून तो दगड दर पावसाळ्यात उघडा भिजतो आणि झिजतो. गिलावा परत द्यावा का यावर आजही वाद चालू आहे, कारण लोकांच्या डोळ्यांना आता लाल रंगाचीच सवय झाली. रानजाई, हे यासाठी सांगतोय की सिमेंट काढलं तरी बाहेरून भिंत कायमची उघडी ठेवू नका. हल्ली 'चिरा दिसू दे' अशी फॅशन आहे. आपल्या पावसात, खोल वळचण नसेल तर, ती परवडणारी नाही.

सारवण
मी कुडाळची. वयाने तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठी आहे, म्हणून जरा जुनं सांगते. आमच्या लहानपणी मे महिन्यात घर शाकारायचं काम व्हायचं, कौलं परतायची, आणि पाऊस येतो त्या बाजूच्या पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा बांधायचा. वाऱ्याबरोबर येणारी झड भिंतीला लागूच द्यायची नाही. आता झापं विणणारं कोणी नाही, पण आडोसा बांधायला काय हरकत आहे? आम्ही पश्चिमेला पत्र्याची उतरती पडवी काढली आणि त्या भिंतीची ओल निम्मी झाली. भिंतीला काहीही लावलं नाही.

दुसरी गोष्ट कोणी बोललं नाही. घरात दिवसभर चूल पेटलेली असायची. माजघराला ऊब असायची, धूर कौलांतून बाहेर पडताना दमट हवा घेऊन जायचा, वाशांना वाळवी लागायची नाही. आज चूल गेली, गॅस आला, खिडक्या डासांसाठी बंद, कौलांखाली सीलिंग. मग ओल जाणार कुठून? चूल परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही, बायकांच्या डोळ्यांची आणि छातीची त्या धुराने काय दशा व्हायची ते मी पाहिलंय. पण समोरासमोरच्या खिडक्या दुपारी पाऊस थांबल्यावर उघडा, माळ्याला झरोका ठेवा. आणि जी घरं मुंबईकर गणपतीला उघडतात आणि विसर्जनानंतर कुलूप लावतात, त्यांच्या मालकांनी गावातल्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायचं काम पगार देऊन सांगावं. पुट्टीपेक्षा स्वस्त पडतं.

पेठेतला
सारवण काकू, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. वाळवीचं तर अगदी खरं. आमच्या वाड्यात तुळईचं टोक ओल्या भिंतीत होतं, बाहेरून धडधाकट दिसायचं. सुताराने टोचा घातला तर आत भुगा. रानजाई, भिंत उघडाल तेव्हा वाशांची आणि तुळयांची टोकं नक्की तपासून घ्या.

दादरची खिडकी
माझा प्रश्न थोडा वेगळा. सिमेंट काँक्रीटची चाळीस वर्षं जुनी इमारत, सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेची भिंत ओली आणि छताला तांबूस डाग. इथेही चुना लावायचा का?

चिरेखाण
नाही, तुमच्या घराला हे औषध नाही. तिथे पाणी वरून आणि बाहेरच्या भेगांतून येतं. तांबूस डाग म्हणजे सळ्या गंजायला लागल्याची शक्यता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. हे रंगाचं काम नाही. सोसायटीला सांगून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि छताचा गिलावा फुगला असेल तर त्याच्याखाली झोपू नका.

उत्तरवारा
इंग्लंडमधून. आमचं इथलं घर विटांच्या भरीव भिंतींचं, शंभरहून जास्त वर्षं जुनं. इथेही लोक ओल दिसली की आधी इंजेक्शनकडे धावतात आणि अनेकदा ओल आतल्या हवेची निघते: बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकाची वाफ, गार भिंत. ओळखायचा सोपा उपाय: भिंतीचा छोटा भाग पुसून कोरडा करा, ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतलं. कोकणात पावसाळ्यात दोन्ही बाजूंना दिसू शकेल, म्हणून ही चाचणी हिवाळ्यात करा.

रानजाई
पाऊस संपला, धागा वर काढतेय. बाहेरची कामं झाली. पन्हळ बसवली, मागचा कोबा फोडून माती उतरवली, खडी भरली. कोब्याखालची माती दिवाळीनंतरही चिखल होती! माजघराचं आतलं सिमेंट काढलं, आत मूळचा चुन्याचा गिलावा काही ठिकाणी अजून घट्ट आहे. फॉइल लावलं, पाणी भिंतीकडच्या बाजूला आलं. म्हणजे निदान बरोबर होतं. सासरे म्हणतात खोलीतला कुबट वास कमी झालाय.
आता तीन प्रश्न. लोणा कसा काढायचा? चुन्याचा गिलावा कशाने करायचा? टाईल्सचं काय करू?

चिरेखाण
फार छान बातमी. घट्ट असलेला जुना चुना काढू नका, तोच ठेवून आजूबाजूला भरा.

लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद पसरून. तो भुगा गोळा करून घराबाहेर टाकायचा, भिंतीच्या पायथ्याशी नाही. पाण्याने धुतलं तर क्षार विरघळून परत आत जातात. भिंत सुकताना लोणा पुन्हा पुन्हा येईल, घाबरू नका, तो बाहेर पडतोय हे चांगलं आहे. ॲसिड किंवा व्हिनेगर चुन्याच्या भिंतीला लावू नका, चुना खातं ते. बुरशी असेल तिथे आधी ओलं फडकं, तोंडाला मास्क. कोरडी झाडली तर तिचे कण हवेत पसरतात, आणि हे काम चालू असताना सासऱ्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका. ओल आणि बुरशी यांचा दम्याशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शिकेत स्पष्टपणे मांडला आहे.

गिलाव्यासाठी: विरवलेला चुना एक भाग, धुतलेली नदीची वाळू तीन भाग. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातल्या मिठाने सगळं मुसळ केरात जाईल. चुना घरी विरवणार असाल तर चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच. मुलांना लांब ठेवा. थर पातळ द्यायचे, आठ-दहा मिलिमीटरचे, आणि आधीचा थर घट्ट झाल्याशिवाय पुढचा नाही. उन्हापासून ओलं गोणपाट लावून जपा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्याला घाई केली तर तो भुसभुशीत राहतो. जुने गवंडी गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. तुमच्या गवंड्याला हात बसला असेल तर जरूर घालू दे, नसेल तर साधं मिश्रण नीट केलेलं बरं. वर चुन्याचीच सफेदी. ऑइलपेंट, प्लॅस्टिक पेंट, पीओपी नको.

टाईल्स या वर्षी राहू देत. बाहेरच्या कामाने किती फरक पडतो ते एक पावसाळा बघा. पुढे बदलायचं ठरलं तर खडीचा थर आणि त्यावर चुन्याचा कोबा हा पर्याय आहे. भिंतीलगतची टाईल्सची एक ओळ मात्र आताच काढली तर फायदा होईल.

कामगिरी
चुन्याचं काम जमणारे दोन जुने गवंडी माझ्या माहितीत आहेत, लांज्याच्या बाजूला. रानजाई, व्यक्तिगत निरोप करतो. मी माझ्या दोन पोरांना त्यांच्या हाताखाली पाठवणार आहे, शिकू देत.

रानजाई
कामगिरी दादा, निरोप मिळाला, मनापासून आभार. आणखी एक विचारायचं राहिलं. माजघरातल्या एका स्विचला पावसाळ्यात हात लावला की झिणझिण्या येतात असं सासूबाई आज सहज बोलून गेल्या.

चिरेखाण
हे आधी करा, बाकी सगळं नंतर. तो स्विच आजपासून वापरू नका, त्या खोलीची लाईन मेनमधून बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. ओल्या भिंतीत गाडलेली जुनी वायर जीव घेऊ शकते. अर्थिंग तपासून घ्या, तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवा, आणि खालच्या भागातली वायरिंग भिंतीबाहेरून पाइपातून वर न्या. गिलाव्याआधी हे झालंच पाहिजे, म्हणजे नवीन चुना पुन्हा फोडावा लागणार नाही.

रानजाई
लाईन बंद केली. वायरमन उद्या सकाळी येतोय. गिलाव्याचं काम त्यानंतरच.

सारवण
बरं केलंस गं. आणि देवघरातलं कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, चार बोटं जागा ठेव. सासूबाईंना सांग, समई लावतात ना, त्या वेळी दोन्ही खिडक्या उघड्या असू देत.